उलटा शिवलेला बूट

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? आता नाकानं बघा. आधी येईल तो कातड्याचा वास. त्याच्या मागून मेणाचा. आणि सगळ्यात शेवटी, आतून, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा.

आता डोळे उघडा. तुम्ही आपल्या बूटवाल्यांच्या घरी उभे आहात. पुढे रस्त्याकडे दुकान, त्यामागे कामाची खोली, त्यामागे स्वयंपाकघर. तिन्ही एका रेषेत, आगगाडीच्या डब्यांसारखी. कामाच्या खोलीत छतापर्यंत लाकडी पावलं टांगलेली आहेत. त्यांना फर्मे म्हणतात. फर्मा म्हणजे बुटाच्या पोटातला लाकडी पाय. त्याच्यावर कातडं ताणायचं आणि मग शिवायचं. घरातल्या प्रत्येकाची तिथे एक जोडी आहे. खिडकीजवळची ती लहानशी जोडी आत्याची, ती आठ वर्षांची असतानाची. ती परदेशी गेली त्याला बावीस वर्षं झाली, पण ती जोडी कुणी खाली उतरवली नाही.

आत्या तिकडे दवाखान्यातल्या नावनोंदणीच्या खिडकीवर बसते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण कशी लिहिते, हे सांगायचं राहूनच गेलं. दर गुरुवारी ती कपड्यांचं गाठोडं घेऊन कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानात जाते. तिथे तिच्या दोन मैत्रिणी येतात. एक दाई आहे, दुसरी बस चालवते. तिघी तीन देशांतून आलेल्या, आणि तिघींना खोड एकच: मागे राहिलेल्या घराच्या गोष्टी लिहायची. यंत्रात कपडे टाकले की चाळीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात एकीनं आपलं प्रकरण वाचायचं आणि दोघींनी ऐकायचं. त्यामुळे तिघींची प्रकरणं मोजून एका धुलाईएवढी असतात.

बसवालीनं मागे आपल्या कादंबरीत गावची नदी चुकून उलट्या दिशेला वाहवली. गावाहून तिला सतरा पत्रं आली. एका मास्तरांनी तर नदी निळ्या शाईनं गिरवून नकाशाच धाडला. तेव्हापासून तिघी एकमेकींना भेटल्या की आधी विचारतात, "काय गं, नदी बरोबर वाहतेय ना?" हसत विचारतात, पण उत्तर येईपर्यंत कान टवकारलेले असतात.

आत्याला येऊन चार दिवस झाले होते. नव्या कादंबरीची प्रुफं, म्हणजे छापण्याआधीची शेवटची पानं, तिच्या बरोबर होती. रोज जेवणं झाली की ती कामाच्या खोलीत बसून एक प्रकरण मोठ्यानं वाचायची. दुकानाचं नाव पुस्तकात खरंखुरं होतं, म्हणून आजोबांनी, म्हणजे आत्याच्या बाबांनी, तशी अटच घातली होती. तीन दिवस सगळे हसले, माना डोलावल्या. चौथ्या दिवशी पान एकशे बारा आलं.

"‘आईनं बूट उलटा शिवला,’" आत्या वाचत होती, "‘आतली बाजू बाहेर ठेवून. मग त्या ओल्या बुटात हात घालून उशीच्या अभ्र्यासारखा तो सुलटा केला.’"

आजोबांच्या हातातली आरी थांबली. आरी म्हणजे कातड्याला भोक पाडायचं टोकदार दाभण.

"कोणी?"

"आईनं."

"कुठे?"

"स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी टेबलाखाली होते, बाबा."

"पातेलं उलटं घातलं असेल तिनं," आजोबा म्हणाले. "बूट नाही."

दादा हसला. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. आता दुकान तोच बघतो. "अगं, आई फक्त दोऱ्याला मेण लावून द्यायची. आरीला तिनं हात लावलेला मी तरी कधी पाहिला नाही."

"तू शाळेत असायचास."

"आणि तू टेबलाखाली! टेबलाखालून काय दिसतं? पाय दिसतात."

"मला हात दिसले," आत्या म्हणाली. पण तिचा आवाज जरा उतरला होता. आई आता नव्हती, विचारायचं कुणाला?

आजोबांनी आरी खाली ठेवली. ते रागावले की ओरडत नसत. समजावायला लागत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असे. "हे बघ बाळ. साठ वर्षं मी बूट शिवतोय. तळ केवढा जाड असतो! तो उलटायचा म्हणजे पाटीची घडी घालायची. मऊ सपाता कोणी शिवत असतील तशा. बूट नाही. हे छापून आलं, की आपल्या धंद्यातली माणसं काय म्हणतील? बूटवाल्याची पोर, आणि हिला बूट कळत नाही! कारागिरी लिहायची असेल तर त्या लाजाळूची लिही." त्यांनी दुकानातल्या काचेच्या कपाटाकडे बोट केलं.

त्या लाजाळू कारागिराची गोष्ट या घरात सगळ्यांना पाठ आहे, तरी एकदा उजळणी करू. आत्या सात वर्षांची असताना आजोबांचं मनगट मोडलं. हात दोन महिने प्लास्टरमध्ये, आणि शाळा सुरू व्हायच्या तोंडावर मुलांच्या बुटांची ही मागणी. दुकान बंद पडायची वेळ आली. तेव्हा आजी, म्हणजे आत्याची आई, म्हणाली, "पलीकडच्या गावात एक कारागीर आहे. तो शिवून देईल, पण कुणाला भेटत नाही. लाजाळू आहे." मग दर शनिवारी टोपलीभर बूट यायचे. हलके, मऊ, आणि टाका कुठे दिसेल तर शपथ! आजोबा वेडे झाले. एक जोडी त्यांनी विकलीच नाही, काचेच्या कपाटात ठेवली. दुसऱ्याच्या हातचा बूट उसवून बघायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणून ते टाके गेले कुठे, हे कोडं पस्तीस वर्षं तसंच राहिलं.

"ते पान काढ," आजोबा म्हणाले. "एका पानानं काय बिघडतंय?"

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली.

तिथे वहिनी होती, म्हणजे दादाची बायको. बुटांच्या वरच्या भागाची शिलाई यंत्रावर तीच करते, पण आरी तिच्याही हाती कधी कुणी दिली नव्हती. तिनं न विचारता कपात चहा ओतला.

"वन्सं, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते आधी सांगा," ती म्हणाली. "म्हणजे कुणाच्या बाजूनं बोलायचं ते ठरवते."

आत्याला हसू आलं. "तू पुढच्या पुस्तकात आहेस."

"मग आज मी मोकळी."

आत्यानं कप दोन्ही हातांत धरला. "वहिनी, दुकानातला तो ओटा मी लिहिलाय छातीएवढा उंच. परवा येऊन बघते तर कमरेएवढा. जिन्याला पायऱ्या लिहिल्यात अकरा, निघाल्या नऊ. हे सगळं मी दुरुस्त केलं. ओटा गेला, जिना गेला, काही वाटलं नाही. पण हे पान खोटं असेल ना, तर ज्या आईला डोळ्यांपुढे ठेवून बावीस वर्षं लिहिते आहे, ती मीच रचलेली. मग खरं काय उरलं?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दाईचा होता, मागे यंत्रं घरघरत होती. आज गुरुवारच होता.

"सहापर्यंत प्रकाशकाला कळवायचंय ना तुला?" दाई ओरडून म्हणाली. "काय ठरलं? नदी कुठे वाहतेय?"

"घरचे म्हणतात उलटी."

"थांब, बसवाली काही सांगतेय." फोनवर खुडबुड झाली. बसवालीचा घोगरा आवाज आला, "मला पत्रं आली तेव्हा मी काय चूक केली, सांगू? मी नकाशा बघितला. नदीवर जाऊन पानाची होडी सोडून बघायला हवी होती. ठेव फोन, आमचं यंत्र कपडे पिळायला लागलं."

आत्यानं फोन ठेवला. अजून तिच्या लक्षात आलं नव्हतं, पण टेबलाखालून कुणीतरी हे सगळं ऐकत होतं.

ती होती टाचणी. दादा-वहिनींची लेक, वय वर्षं आठ. अंगानं बारीक आणि कुठेही टोचणारी, म्हणून टाचणी. ती काही चोरून ऐकायला बसली नव्हती. ‘टेबलाखालून पाय दिसतात’ असं बाबा म्हणाले, ते खरं का, एवढंच तिला बघायचं होतं. आता ती बाहेर आली आणि गुडघे झटकत म्हणाली, "हात दिसतात. आईनं चहा ओतला तो मला दिसला. खाली वाकून काम केलं तर नक्कीच दिसतील. आत्या, पानाची होडी म्हणजे काय?"

"म्हणजे बोलत बसू नये, करून बघावं."

"मग करून बघू या ना! पुस्तकात लिहिलंय तसा बूट!"

दोन्ही मोठ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

आजोबांनी आधी नाही म्हटलं. मग टाचणी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला भीती वाटते का, की होईल?" आणि तिथे म्हातारा फसला.

"भीती? आण तो फर्मा. आण पातळातलं पातळ कातडं तळाला. मी अगदी लिहिलंय तसं शिवतो, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि फाटला, की पान जाईल. कबूल?"

"आणि नाही फाटला तर राहील," आत्या म्हणाली. "कबूल."

दादानं कपाळावर हात मारला. "आज गिऱ्हाइकाचे दोन जोड द्यायचेत!"

"तू शिव त्यांचे," वहिनी म्हणाली आणि लाल कातड्याचे दोन वरचे भाग यंत्रावर शिवूनही आणले, उजव्याचा आणि डाव्याचा. ती कुणाच्या बाजूची हे आता वेगळं सांगायला नको.

खिडकीजवळचे ते लहानसे फर्मे खाली उतरले. आत्यानं त्यांच्यावरची धूळ पदरानं पुसली. आजोबा आपल्या तिपाईवर बसले. त्या तिपाईवर दुसरं कुणी बसत नाही, दादासुद्धा नाही.

"वाच," आजोबा म्हणाले.

"‘आईनं तळ बादलीत भिजत घातला. मी शंभर आकडे म्हणायचे, आणि पुन्हा शंभर, आणि पुन्हा.’"

"म्हणजे पाच मिनिटं," आजोबा पुटपुटले. टाचणीनं मात्र आकडे खरेच म्हणून काढले.

"‘वरचं कातडं फर्म्यावर उलटं चढवलं, खडबडीत बाजू वर.’"

"हॅ!" आजोबांनी चढवलं. "बघवत नाही. सदरा उलटा घालून लग्नाला निघाल्यासारखं."

"‘आरी तळाच्या कडेतून आत शिरायची आणि खाली न जाता वळून वरच बाहेर यायची.’"

आजोबा थांबले. "आता झाली ना पंचाईत! सरळ आरी वळेल कशी? असं वळायला आरीच वाकडी पाहिजे. अशी आरी आपल्या दुकानात नाही, कधी नव्हती. संपलं."

आत्यानं पान मांडीवर पालथं ठेवलं. दादाला बहिणीकडे बघवेना. तो उगाच खिळ्यांचा डबा उघडून बंद करू लागला.

वहिनीच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. स्वयंपाकघरातल्या खणात, सांडशी आणि झाऱ्याच्या मधे, एक वाकडं दाभण होतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून ते तिथेच पडलेलं. बरणीचं घट्ट झाकण उचकटायचं असलं की ती तेच घ्यायची. सासूबाईंना एकदा तिनं विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "असू दे गं. कामाचं आहे." मग त्यांचं लाटणं. एका टोकाला चपटं घासलेलं. बारा वर्षं वहिनीची प्रत्येक पोळी एका बाजूला सरकत आली होती. "टाकू नकोस हं ते," सासूबाई म्हणाल्या होत्या.

ती आत गेली आणि दोन्ही वस्तू घेऊन आली. दाभण तिनं आजोबांच्या हातावर ठेवलं.

आजोबांनी ते उजेडात धरलं. मूठ पाहिली. मुठीला दोरा गुंडाळलेला होता, मेण लावलेला, आणि शेवटची गाठ अशी होती, जी या घरात एकच माणूस मारायचं. "वाच पुढे," एवढंच म्हणाले. आणि या वेळी समजावण्याचा आवाज नव्हता.

आता आत्या वाचायची आणि ते शिवायचे. आरी कडेतून आत जाई, वळून वर येई. पहिले चार टाके त्यांनी नाराजीनं घातले. पुढचे चार लक्ष देऊन. नंतर त्यांनी तोंडानं ‘अच्छा’ म्हणायला सुरुवात केली, प्रत्येक टाक्याला एक. दादा गिऱ्हाइकाचे बूट सोडून कधी शेजारी येऊन उकिडवा बसला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "बाबा, टाका तळाखाली जातच नाहीये. म्हणजे चालताना घासणारच नाही!"

"दिसतंय मला. आंधळा नाही मी."

पाच वाजले. शेवटची गाठ बसली. फर्मा बाहेर निघाला. ओला, उलटा, केविलवाणा बूट आजोबांच्या मांडीवर पडला.

"‘मग तिनं टाच आत ढकलली,’" आत्या वाचू लागली. "‘मग चवडा. चवडा अडला. तेव्हा ती म्हणाली, पोरी, लाटणं दे.’"

टाचणीनं लाटणं पुढे केलं. आजोबांनी त्याचं घासलेलं टोक बुटात घातलं. ते चवड्यात असं बसलं, जसं आपल्या घरात येऊन बसावं. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

कातडं कुरकुरलं. वहिनीनं दादाचं मनगट पकडलं. मग ‘फट्’ असा आवाज झाला आणि लाल चवडा बाहेर आला. गोल, गुबगुबीत, जणू कुणी गाल फुगवला.

फाटलं नव्हतं. टाका एकही दिसत नव्हता.

दादानं टाळ्या पिटल्या. वहिनी हसता हसता डोळे पुसत होती. आजोबा बूट हातात फिरवत राहिले. एकदा, दोनदा. काहीतरी आठवत होतं आणि हाती लागत नव्हतं.

टाचणी दुकानात धावली. काचेच्या कपाटाला हात लावायची मनाई आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं कपाट उघडलं, तपकिरी जोडीतला एक बूट उचलला आणि आणून लाल बुटाशेजारी ठेवला.

"आजोबा, हे भाऊ-भाऊ आहेत," ती म्हणाली. "याला सुलटं केल्याची सुरकुतीसुद्धा तिथेच आहे. बघा."

आजोबांनी बघितलं. मग त्यांनी आतली गादी नखानं हलकेच उचलली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. खाली टाके होते, ओळीनं, आणि शेवटी तीच गाठ.

आधी आजोबांचे खांदे हलायला लागले. आत्या घाबरून पुढे झाली, तर ते हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"लाजाळू!" ते म्हणाले. "पलीकडचं गाव! अरे, मी तिला म्हणायचो, त्याला एकदा जेवायला बोलाव. ती म्हणायची, तो जेवतो हो आपल्याकडे. मला वाटायचं थट्टा करते!"

"पण आई बोलली का नाही?" दादानं विचारलं.

आजोबांनी डोळे टिपले. "लग्न झालं तेव्हा मीच म्हणालो होतो, बाईच्या हाती आरी टिकत नाही. मग आला तो लाजाळू. मी त्याचं एवढं कौतुक करत सुटलो, की सांगितलं असतं तर माझीच फजिती. तिनं माझी अब्रू झाकली. गादीखाली." ते आत्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"नाही बाबा. मला वाटायचं आई माझ्याचसाठी बूट शिवते. दर वेळी वाट बघायचे, आणि दर वेळी ते बूट कुठेतरी जायचे. मी रुसायचे तिच्यावर. तेवढंच आठवत होतं, म्हणून लिहिलं."

"ते पान ठेव. आणि खाली लिही, की नवरा महामूर्ख होता."

"ते पुस्तकभर आहे, बाबा."

आता तर वहिनीलाही ठसका लागला. आत्यानं साडेपाचला प्रकाशकाला कळवलं: पान एकशे बारा जसंच्या तसं. मग मैत्रिणींना लाल आणि तपकिरी बुटांचा एकत्र फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘होडी सोडून बघितली. नदी बरोबर वाहतेय.’ बसवालीचं उत्तर आलं, ‘आम्ही दोघी धुलाईच्या दुकानात नाचतोय. लोक बघताहेत.’

दादा चहा टाकायला गेला. वहिनीनं लाटणं धुवायला घेतलं आणि परत ठेवलं. आज नको, म्हणाली. आजोबा पाय मोकळे करायला उठले आणि तपकिरी बूट घेऊन दुकानात गेले, कपाटासाठी नवी चिठ्ठी लिहायला.

तिपाई रिकामी होती. तिच्यासमोर लाल कातड्याचा दुसरा वरचा भाग पडून होता, डाव्या पायाचा.

टाचणीनं इकडे तिकडे पाहिलं नाही. ती तिपाईवर चढली, पाय टेकत नव्हते तरी. डावा फर्मा तिनं मांडीत घट्ट धरला, कातडं त्यावर उलटं चढवलं, खडबडीत बाजू वर, आणि आजीची वाकडी आरी मुठीत घेतली. आजोबा दारात येऊन थबकले. आपल्या जागेकडे त्यांनी पाहिलं, आणि गुपचूप खाली जमिनीवर बसले.

"आत्या," टाचणी म्हणाली, "पहिल्यापासून वाच. आणि जरा हळू वाच."